प्रकाशाची पोच

‘दुर्बीण घालून पाहावे लागेल,’ असे डॉक्टरांनी सांगितले की रोग्याला आपल्या दुखण्याची काळजी लागते; परंतु तीच दुर्बीण काही वेळापूर्वी दुसऱ्या कोणाच्या पोटात उतरली होती, आणि मधल्या अवधीत तिच्या शुद्धीचा बंदोबस्त कोणी व कसा केला, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. तो उद्भवावा, असे मला मनापासून वाटते.

ही लवचिक दुर्बीण, म्हणजे एन्डोस्कोप, बहुधा वाफेच्या कढत उष्णतेत टिकत नाही. म्हणून आधी धुऊन मग ग्लुटाराल्डिहाइडसारख्या द्रावणात ठरल्या मुदतीपर्यंत बुडवून ठेवण्याचा शिरस्ता पडला. हे द्रावण उग्र असते. ते हाताळणाऱ्याच्या डोळ्यांना व घशाला झोंबते.

अतिनील किरणांची तजवीज पुढे आली ती या पार्श्वभूमीवर. सूर्यप्रकाश जंतूंना मारक ठरतो, हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवले होते. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण जंतूच्या जनुकद्रव्यातील शेजारशेजारचे थायमिन घटक एकमेकांना सांधून टाकतात, आणि अशा गाठी पडल्या की त्या जंतूची वंशवृद्धी खुंटते. नाक-घसा तपासण्याची, आत पोकळ नळी नसलेली बारीक दुर्बीण धुऊन किरणांच्या कपाटात टांगली, तर नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या अशा एका यंत्रात हे काम मिनिटभरात उरकते.

पण प्रकाश सरळ जातो. आड आलेल्या श्लेष्म्याच्या पुटाखालचा जंतू सावलीत सुरक्षित राहतो. पित्तनलिकेच्या दुर्बिणीच्या टोकाशी, उपकरण उचलून धरणारी एक इवलीशी हलती पट्टी असते. तिच्या पाठीमागच्या खाचेत मळ दडतो, आणि २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात अशाच दुर्बिणींवाटे, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू रोग्यांपर्यंत पोचले. पोटाच्या दुर्बिणीतील नळी तर मीटरभर लांब आणि जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. बाहेरच्या दिव्याचा तिच्यात काय पाड लागणार? बाजूंनी किरण सोडणारा बारीक प्रकाशतंतू तिच्यातून ओवण्याचे प्रयोग संशोधकांनी मांडले आहेत, आणि ते सिद्धीस जावेत.

तोवर, आणि त्यानंतरही, दिव्याच्या आधी ब्रशच लागणार. तो नळीच्या एका तोंडातून घालून दुसऱ्या तोंडातून काढायचा, केसांत अडकलेला मळ पाण्याखाली धुवायचा, आणि तो स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा घालायचा. बाहेर पुढच्या रोग्याचे नाव पुकारले गेले तरीही.