चंद्रप्रकाशात तेजोमेघांचे छायाचित्रण

शुक्लपक्षाचा उत्तरार्ध तेजोमेघांच्या छायाचित्रणास निरुपयोगी मानण्याची प्रथा होती, व ती निराधार नव्हती. काळोख्या स्थळीही पूर्णचंद्राने आकाशाची पार्श्वभूमी पंधरा-वीस पट किंवा त्याहून अधिक उजळते. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमुळे ह्या रात्री पुष्कळ अंशी उपयोगात आणता येतात. मात्र हा फिल्टर चंद्रप्रकाश नाहीसा करतो, हा समज बरोबर नव्हे.

विल्यम हगिन्स ह्याने १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यास अखंड पट्ट्याऐवजी तेजस्वी रेषा आढळल्या. सारी युक्ती ह्या भेदावरच उभी आहे. आयनीभूत वायूचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो : हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, आणि जिचे कोडे आयरा बोवेन ह्याने १९२७ मध्ये उलगडले ती द्विआयनीभूत ऑक्सिजनची हिरवी रेषा ५००.७ नॅनोमीटरवर. उलटपक्षी चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. तो सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो. १०० नॅनोमीटर रुंदीच्या तांबड्या फिल्टरऐवजी ३ नॅनोमीटरचा योजिला असता रेषेचा प्रकाश जवळजवळ तसाच राहतो, आणि पार्श्वभूमी सुमारे ३३ पटींनी घटते.

उरलेली पार्श्वभूमी गणिताने वजा करता येते. परंतु तिच्या फोटॉनसंख्येतील यादृच्छिक चढउतार वजा होत नाहीत. ते त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मागे राहतातच. म्हणून पार्श्वभूमी दुप्पट झाली की तेजोमेघाच्या मंद भागासाठी उद्भासनकालही दुप्पट लागतो.

शिवाय दोन्ही रेषांची स्थिती सारखी नाही. हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताशी व्यस्त प्रमाणात असते, ५००.७ नॅनोमीटरवर ते ६५६.३ च्या जवळजवळ तिप्पट भरते. सबब पौर्णिमेच्या आसपास हायड्रोजनचे चित्र घ्यावे व ऑक्सिजनचे काळोख्या रात्रींसाठी राखावे. अष्टमीपर्यंत मात्र फारशी अडचण नसते, कारण अर्ध्या बिंबाचे तेज पूर्णचंद्राच्या निम्मे नसून सुमारे एक दशांशच असते.

चंद्रापासूनचे कोनीय अंतरही विचारात घ्यावे लागते. रेणूजन्य प्रकीर्णन ९० अंशांवर सर्वांत कमी असते, तर धूळ व बाष्प चंद्राच्या निकटचे आकाश विशेष उजळवितात. येथे महिन्यांची नावेच मार्गदर्शक ठरतात. मार्गशीर्षी पौर्णिमेस चंद्र मृगाच्याच परिसरात असल्याने तेथील तेजोमेघांचा नाद सोडावा. फाल्गुनी पौर्णिमेस तो फल्गुनी नक्षत्रांत जातो आणि मृग त्याच्यापासून सुमारे ९० अंश दूर, सायंकाळी माथ्याजवळ असतो. बर्नार्डच्या कमानीसारख्या मंद हायड्रोजनमेघास ती रात्र वाया गेलेली म्हणता येणार नाही.

कृत्तिकांभोवतालच्या निळसर तेजोमेघास मात्र ह्यातील काहीच लागू पडत नाही. तो ताऱ्यांचा प्रकाश केवळ परावर्तित करतो. त्याचा वर्णपट चंद्रप्रकाशाप्रमाणेच अखंड असल्याने फिल्टर दोहोंनाही सारखाच छाटतो. त्याच्यासाठी अमावास्येचीच वाट पाहावी लागते.