पाकीट घरी आले, परत किती गेले? (लेखांक ६)

मोठ्या आतड्याचा कर्करोग सहसा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप नावाची लहान गाठ येते. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी राहतात, थोड्या मात्र काही वर्षांनी कर्करोगाचे रूप घेतात. मधल्या काळात त्यांतून अधूनमधून रक्त पाझरते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण शौचाच्या नमुन्यात सापडू शकते. सापडले की दुर्बिणीतून आतडे तपासायचे, म्हणजे कोलोनोस्कोपी करायची, आणि गाठ दिसली तर तिथेच काढून टाकायची. कसलाही त्रास नसलेल्या माणसांची अशी चाळणी तपासणी करता येते, ती या मधल्या काळामुळे.

ती उपयोगी पडते हे १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम परिसरात सुमारे दीड लाख लोकांची विभागणी करून त्यांतल्या निम्म्यांना दर दोन वर्षांनी नमुना मागितला गेला. त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. डेन्मार्कच्या फ्युन बेटावर ही घट १८ टक्के होती. हे आकडे निमंत्रण मिळालेल्या सगळ्यांचे आहेत, नमुना देणाऱ्यांपुरते नाहीत. नॉटिंगहॅममध्ये निमंत्रितांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनीच एकदा तरी नमुना दिला होता. चाचणी तीच असली, तरी किती लोक ती करून घेतात यावर समाजाला मिळणारा लाभ ठरतो.

चाळणी तपासणी दोन प्रकारे चालते. एका प्रकारात डॉक्टरला सुचले किंवा रुग्णाने विचारले तर ती होते. दुसऱ्या, संघटित प्रकारात ठरावीक वयाच्या प्रत्येकाची यादी असते, प्रत्येकाला ठरलेल्या काळाने बोलावणे जाते, न आलेल्याला स्मरणपत्र जाते आणि पुढच्या उपचारापर्यंतची जबाबदारी यंत्रणा घेते. युरोपीय संघाने २००३ मध्ये आपल्या सदस्यदेशांना ५० ते ७४ वयोगटासाठी या दुसऱ्या वाटेची शिफारस केली. इंग्लंडचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २००६ मध्ये, सुरुवातीला ६० ते ६९ वयोगटासाठी, सुरू झाला. देशभरातल्या पाच केंद्रांतून तपासणीचे साहित्य टपालाने घरी येई, नमुना टपालानेच परत जाई. राष्ट्रीय आरोग्यसेवेमुळे त्यासाठी एक पैसाही पडत नव्हता, दवाखान्यात जावे लागत नव्हते, रजा काढावी लागत नव्हती. गरीब-श्रीमंत भेद पुसायला याहून अनुकूल व्यवस्था सुचवणे कठीण.

प्रत्यक्षात भेद पुसला गेला नाही. पहिल्या २६ लाख निमंत्रणांचा हिशेब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण सहभाग ५४ टक्के होता. सर्वांत सुखवस्तू वस्त्यांत तो ६१ टक्के होता, सर्वांत वंचित वस्त्यांत ३५. ज्या भागांत वेगवेगळ्या वंशांचे लोक सर्वाधिक प्रमाणात राहतात तिथे तो ३८ टक्क्यांवर होता, आणि हा फरक केवळ गरिबीने समजावता येत नव्हता. राष्ट्रीय कार्यक्रमाआधी कॉव्हेंट्री आणि वॉरिकशायरमध्ये झालेल्या प्राथमिक प्रयोगातही दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचा सहभाग इतरांहून बराच कमी दिसला होता. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्येच लिहून ठेवले होते की चांगली वैद्यकीय सेवा तिची गरज जिथे जास्त तिथे कमी पोहोचते. त्याचा रोख बाजाराकडे होता; इथे मात्र सेवा फुकट आणि दारात होती.

लोक मागे का राहिले, याचे उत्तर शोधताना अज्ञानाला दोष देण्याची सवय लवकर लागते. आधी त्या पाकिटात काय होते ते पाहिले पाहिजे. शौचातले रक्त शोधणाऱ्या जुन्या, ग्वायक नावाच्या चाचणीसाठी तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे नमुने लागत, प्रत्येकाच्या दोन जागांवरून. पुठ्ठ्याच्या काडीने नमुना घेऊन कार्डावरच्या सहा चौकटींत तो पातळ पसरायचा, तारीख लिहायची आणि पहिल्या नमुन्यापासून चौदा दिवसांच्या आत सगळे पाठवायचे. तोवर ते अर्धवट भरलेले कार्ड घरातच ठेवायचे. एकाच शौचालयावर चार माणसांचे घर चालत असेल, सूचना इंग्रजीत असतील आणि वाचून दाखवायला मुलाला किंवा सुनेला बोलवावे लागत असेल, तर हे काम किती अवघड होते ते वेगळे सांगायला नको. त्यात किळस आहे, संकोच आहे, आणि ‘मला काही होत नाही, मग कशाला?’ हा प्रश्न आहे. ठणठणीत वाटत असताना कर्करोगाची बातमी स्वतःहून मागवायची, हे अनेकांना नको वाटते. शौचाच्या चाचणीत पुरुष स्त्रियांपेक्षा मागे राहतात, वास्तविक पुरुषांत हा कर्करोग जास्त आढळतो.

वंचित वस्त्यांचा सहभाग वाढवण्यासाठी लंडनच्या जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या चालू कार्यक्रमातच चार उपाय तपासले. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सोप्या भाषेतल्या माहितीपत्रकाचा परिणाम झाला नाही. तपासणी केलेल्या लोकांच्या कहाण्यांच्या पत्रकाचाही झाला नाही. पत्रावर कुटुंबाच्या डॉक्टरचा पाठिंबा नमूद केल्याने सहभाग एका टक्क्याहूनही कमी वाढला, आणि सगळ्या थरांत सारखा. जोर देऊन लिहिलेल्या स्मरणपत्राने तेवढाच फरक पडला. पण तो वंचित वस्त्यांत पडला, म्हणून दरी किंचित बुजली. माहिती दिली की लोक वागणे बदलतात, या समजुतीला हे आकडे फारसा आधार देत नाहीत.

फरक पाडला तो चाचणी बदलण्याने. एफआयटी ही नवी चाचणी मानवी रक्तातले हिमोग्लोबिन नेमके ओळखते. तिला एकच नमुना पुरतो. लहान बाटलीच्या झाकणाला जोडलेली काडी नमुन्यात टेकवायची आणि झाकण लावायचे. २०१४ मध्ये इंग्लंडच्या दोन केंद्रांत ती जुन्या चाचणीबरोबर पडताळली गेली. सहभाग ५९.३ वरून ६६.४ टक्क्यांवर गेला. पूर्वी बोलावूनही ज्यांनी नमुना पाठवला नव्हता, त्यांच्यातले प्रमाण १२.५ वरून २३.९ टक्के झाले. लोक तेच, वस्त्या त्याच. त्यांच्याकडून मागितलेले काम तेवढे कमी झाले. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि इंग्लंडने जून २०१९ मध्ये ही चाचणी स्वीकारली. दरी मात्र पूर्णपणे बुजलेली नाही.

उलट्या बाजूचा पुरावाही याच दिशेचा आहे. चाचणी जितकी अधिक सांगणारी आणि अधिक त्रासाची, तितके तिला लोक कमी. स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीत एफआयटीसाठी निमंत्रितांपैकी ३४.२ टक्के पुढे आले, थेट कोलोनोस्कोपीसाठी २४.६ टक्के. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोलोनोस्कोपीचे निमंत्रण मिळालेल्यांपैकी ४२ टक्क्यांनीच ती करून घेतली. निमंत्रितांच्या गटात दहा वर्षांत कर्करोग १८ टक्क्यांनी कमी आढळला, आणि कोलोनोस्कोपी कुचकामी असल्याची हाकाटी काही ठिकाणी झाली. त्या १८ टक्क्यांत न आलेले ५८ टक्केही धरलेले आहेत, हे वाचणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

नेदरलँड्सने २०१४ मध्ये आधी सूचनापत्र, मग निमंत्रणासोबतच एफआयटीची बाटली अशी रचना केली आणि पहिल्याच वर्षी ७१ टक्क्यांपर्यंत मजल मारली. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत ४५ टक्के सहभाग किमान स्वीकारार्ह आणि ६५ टक्क्यांहून अधिक इष्ट मानला आहे. त्या मानाने हे यश मोठे होते. पण अपेक्षेहून जास्त लोकांच्या नमुन्यात रक्त निघाले आणि कोलोनोस्कोपीच्या रांगा लांबल्या. तेव्हा रक्ताची मर्यादा, म्हणजे ज्याच्या वर रक्त सापडले असे धरायचे ती पातळी, वर्षाच्या मध्यावरच दर ग्रॅममागे १५ वरून ४७ मायक्रोग्रॅम केली गेली. इंग्लंडने २०१९ मध्ये ती १२० ठेवली, कारण दुर्बिणीची तपासणी करणारे हात कमी होते. पाठवलेल्या बाटल्यांची संख्या वाढली म्हणजे कार्यक्रम सुधारला, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

सहभागाची मोजणी पहिल्या बाटलीपाशी संपतही नाही. नमुना दर दोन वर्षांनी द्यायचा असतो, आणि एकदा देऊन पुढे गळणारे बरेच असतात. रक्त सापडलेल्या प्रत्येकाने कोलोनोस्कोपी करून घेतली तरच पहिल्या चाचणीला अर्थ राहतो. तिथे न येणाऱ्यांतही वंचित वस्त्यांतले लोक अधिक असतात. म्हणून या कार्यक्रमांच्या अहवालांत किती बाटल्या परत आल्या याबरोबर रक्त सापडल्यानंतर किती जण दुर्बिणीपर्यंत पोहोचले, हा आकडाही स्वतंत्र दिला जातो.