भाग: "डेटाबेस खराब आहे" म्हणजे नेमकं काय?

ऐकायचं सोडून वाचायला आलात, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप.

गोष्ट आमच्या गंगापूरची. काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. ऐन खरिपाच्या तोंडावर त्यांचा फोन आला, "बाळा, बिलाचं सॉफ्टवेअर गेलं. पोरगं म्हणतंय फॉरमॅट मारावं लागेल." स्क्रीनवर मेसेज होता: डेटाबेस फाइल खराब आहे, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करा. आत दोन वर्षांची उधारी. कोणाकडे बियाण्याचे किती, खताचे किती, सगळं त्यातच. बॅकअप? नव्हता.

मी म्हटलं, काका, कशालाच हात लावू नका. आधी डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग रिमोटवर बसलो.

फाइल ठणठणीत होती. झालं होतं एवढंच: जुन्या कॉम्प्युटरवर काका अॅडमिनिस्ट्रेटर होते. नवीन लॅपटॉपवर दुकानातल्या पोरासाठी साधं अकाउंट काढलं होतं. डेटा होता सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये. तिथं साध्या युजरला वाचता येतं, लिहिता येत नाही. सॉफ्टवेअर फाइल उघडतानाच "वाचायची आणि लिहायचीही" अशी परवानगी मागत होतं. विंडोजने नकार दिला.

आता खरी गंमत. विंडोज नकार देताना कारण सांगतं. कोड 2 म्हणजे फाइल सापडली नाही, 5 म्हणजे परवानगी नाही, 112 म्हणजे डिस्क भरली. पण प्रोग्रॅमरने कोड बघितलाच नाही. उघडली नाही ना? मग खराब असणार! कपाटाची किल्ली नसलेल्या माणसाने "फाइल जळाली" म्हणून सांगावं, तसलं हे. आणि खरं सांगू, नोकरीच्या पहिल्या वर्षी असा कोड मीही लिहिलाय. सगळ्या चुकांना एकच मेसेज. प्रोग्रॅमर स्वतः अॅडमिन म्हणून काम करतो, त्यामुळे ही चूक त्याच्या मशीनवर कधी दिसतच नाही.

हा घोळ जुना आहे. एक्सपीच्या काळात घरोघरी सगळे अॅडमिनच असायचे. 2007 साली विस्टा आलं, सोबत यूएसी आलं, आणि जुने प्रोग्रॅम अडायला लागले. म्हणून विंडोजने एक पळवाट ठेवली: जुन्या 32-बिट प्रोग्रॅमने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिलं, की ते गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये जातं. तोच प्रोग्रॅम "रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर" केला, की तो मूळ जागी बघतो आणि नव्या नोंदी गायब! काकांचा प्रोग्रॅम 64-बिट, त्याला ही सवलत नाही. पण तुमची नोंद अशी हरवली, तर आधी तिथं शोधा.

कधी कधी मात्र मेसेज मुद्दाम खोटा असतो. परवानगी नसलेली खासगी रिपॉझिटरी उघडली, तर गिटहब 404 देतं, म्हणजे "सापडलं नाही". "आहे, पण तुला नाही" म्हटलं, तर ती आहे हेच उघड होईल. तिथं ते बरोबर आहे. दुकानाच्या बिलात नाही.

मग करायचं काय? आधी डेटाची कॉपी. मग एकदाच अॅडमिन म्हणून चालवून बघा. चाललं, तर रोग परवानगीचा. खात्री हवी असेल, तर मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर फुकट मिळतं. त्यात "अॅक्सेस डिनाइड" असलेल्या ओळी बघा, नेमकी कोणती फाइल अडली ते कळतं. आणि कायमचं अॅडमिन ठेवू नका. फक्त त्या डेटा फोल्डरवर त्या युजरला लिहायची परवानगी द्या. आम्ही तेच केलं. वीस मिनिटांत उधारी परत दिसली.

काका म्हणाले, "मग ते पोरगं फॉरमॅट का म्हणत होतं?" त्याचा दोष नव्हता हो. त्याने स्क्रीनवर लिहिलेलं खरं मानलं.

माझ्या प्रोग्रॅमर मित्रांनो, म्हणून एवढंच: कोड 5 आला, तर "परवानगी नाही" असंच लिहा, आणि फाइलचा पत्ताही द्या. पुढच्या भागात भेटू. तोवर बॅकअप घ्या!