कोवळं आईपण : कारणं शोधायची कुठे?

हैदराबादच्या विद्यानगरमध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय आहे. त्यांनी १९३७ साली मद्रासमध्ये स्थापन केलेल्या आंध्र महिला सभेचं. आपण मराठी माणसं त्यांना चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून ओळखतो. पण त्यांचं पहिलं लग्न आठव्या वर्षीच लावून दिलं होतं. वयात आल्यावर त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. वडील आणि भाऊ पाठीशी उभे राहिले. पुढे त्या वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या. लहानपणी लावलेलं लग्न असं नाकारणं बहुतेक मुलींना जमत नाही; त्या कोवळ्या वयातच आई होतात.

अशा बाळंतपणाचे धोके गेल्या भागात पाहिले. आता कारणं. ‘मोबाइलनं मुली बिघडल्या’ हे उत्तर हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, महाराष्ट्रात ७.६ टक्के. दोन्ही आकडे आधीच्या पाहणीपेक्षा कमीच आहेत, आणि मोबाइल तर त्याच काळात घरोघरी पोचला. त्रिपुरात मात्र प्रमाण १८.८ वरून २१.९ टक्क्यांवर गेलं. तिथे बालविवाहही वाढले होते. आपल्याकडे बहुतेक कोवळ्या आया लग्न झालेल्या असतात, हे आधी मान्य करायला हवं.

ही लग्नं इतक्या लवकर का होतात? बीड जिल्हाच घ्या. त्याच पाहणीत तिथे २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता, आणखी एक उचल. मुलीच्या घरी वेगळीच धास्ती. वयात आलेल्या पोरीला सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडावर न्यावं तर उघड्यावरची कोपी, दार नाही, आडोसा नाही. शाळा तर सुटलेलीच. मग आईबाप म्हणतात, उजवून टाकू.

लग्नानंतर चार-सहा महिन्यांत ‘काही आहे का?’ सुरू होतं. पहिलं मूल लांबवायचं म्हटलं तर सासूला वाटतं, पोरीत खोट आहे. गर्भनिरोधनाचा विषय बहुतेक घरांत पहिल्या बाळंतपणानंतरच निघतो.

लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली कमी असल्या तरी त्यांचे हाल जास्त. मुलगी अठराच्या आतली असेल तर ‘पोक्सो’ या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं; त्या भीतीनं घरचे दवाखाना टाळतात आणि वेळ हातची जाते. पण गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर तिचं नाव पोलिसांना सांगायची सक्ती डॉक्टरांवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. ही गोष्ट प्रत्येक आईपर्यंत पोचायला हवी.

कुणा शाळकरी मुलीच्या लग्नाची बोलणी कानावर आली, तर पत्रिका छापायची वाट पाहू नका. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करा.