पिस्तूल निवडताना : उत्तम की अनुरूप?



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस पिस्तुलावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. साहजिक आहे. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला दोन आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला एक कांस्यपदक मिळालं, तेव्हापासून ठाण्यात काय, कल्याण-डोंबिवलीत काय, पालक भेटले की एकच प्रश्न विचारतात : "सर, सगळ्यात चांगलं पिस्तूल कुठलं?"

माझं म्हणणं असं की या प्रश्नातला "सगळ्यात चांगलं" हा शब्दच आधी तपासायला हवा. अ‍ॅरिस्टॉटलने 'मध्यम' म्हणजे काय हे सांगताना मिलो या पहिलवानाचं उदाहरण घेतलं आहे. आहाराचं एक प्रमाण मिलोला कमी पडेल आणि नवशिक्याला तेच जास्त होईल. म्हणजे योग्य प्रमाण वस्तूत नसतं, ते वस्तू आणि माणूस यांच्या नात्यात असतं. पिस्तुलाचंही तसंच आहे. उत्तम पिस्तूल नावाची गोष्ट कॅटलॉगमध्ये असते. आपल्याला हवं असतं ते अनुरूप पिस्तूल.

आता थोडं तपशिलात जाऊ. सुरुवात बहुतेक जण १० मीटर एअर पिस्तूलपासून करतात, म्हणून मी त्याबद्दलच बोलतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ट्रिगरला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे. एका हातानेच धरायचं, दुर्बीण लावायची नाही. ६० शॉट्स, ७५ मिनिटं. आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? ११.५ मिलिमीटर व्यासाचं. शर्टाच्या बटणाएवढं म्हणा ना.

इथे एक साधं गणित करून पाहा. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असतं. लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. समजा तुमचा अख्खा हात सरळ बाजूला ५ मिलिमीटर हलला, पण माशी खाचेच्या मधोमध राहिली. छर्राही ५ मिलिमीटरच सरकेल आणि तरीही दहा गुण मिळतील! उलट हात स्थिर आहे, पण माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर तिरपी झाली, तर छर्रा ३० मिलिमीटर बाजूला जाईल. दहाचे थेट सात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : आपल्या अर्जुनाला पक्ष्याचा डोळा दिसत होता, पण पिस्तूलवाल्याने लक्ष्याकडे नव्हे, माशीकडे पाहायचं असतं. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं. दुसरी, आणि निवडीसाठी महत्त्वाची : गुण जातात ते मनगट वळल्यामुळे आणि ट्रिगर ओढताना बसणाऱ्या झटक्यामुळे. चांगल्या कंपनीची नळी तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी अचूक असते. म्हणून पैसे मोजताना आधी पाहायचं ते मूठ आणि ट्रिगर.

मूठ कशी तपासायची? पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा. ते धरा, डोळे मिटा, हात लक्ष्याच्या दिशेला उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. माशी खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ तुमची. दर वेळी एकाच बाजूला गेलेली दिसली, तर मूठ तुमची नाही. तिचा कोन बदला, कानस लावा, कमी असेल तिथे लांबी भरा. लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांच्या मुठी मिळतात, डावखुऱ्यांसाठी वेगळ्या. "वाढत्या अंगाचं घेऊ" हा शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे लावू नका. मूठ मोठी असली की मूल ती आवळून धरतं, आणि आवळलेला हात थरथरतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी आखूड, हलकी मॉडेल्स असतात, ती पाहा. मूठ मात्र मनगटाला आधार देणारी नको. नियमात बसत नाही.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा आणि दुसरा टप्पा कुठे सुरू होतो ते बोटाला स्पष्ट कळावं. स्पर्धेआधी ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरने उचलून तपासतात, म्हणून दाब किंचित वर ठेवलेला बरा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार सुरेख चालतो, पण यंत्र जितकं नाजूक तितकी दुरुस्तीची सोय जवळ हवी. टोकियोत पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. म्हणून दुकानदाराला किमतीआधी विचारा : सुटे भाग कुठे मिळतात, सील कोण बदलून देतं?

हवा भरण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात दर शॉटला दांडा ओढून हवा दाबायची. स्वस्त, टिकाऊ, पण साठ वेळा ओढून हात दमतो. दुसऱ्यात आधीच भरलेलं सिलिंडर असतं. स्टायर, मोरिनी, फाइनवर्कबाउ, वॉल्थर, पार्दिनी ही नावं तुम्ही ऐकता ती बहुधा या प्रकारातली, आणि नव्याची किंमत लाखाच्या पुढे. जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात.

आयातीचंच हवं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथच्या एमआयडीसीत, प्रिसिहोल ही खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवणारी कंपनी आहे. त्याच घरातून एअर रायफली निघतात. नळी म्हणजे तरी काय, लांबलचक सरळ भोकच! कारागिरी इथेही आहे, एवढं ध्यानात असू द्या.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचने साध्या चष्म्यात, खिशात हात घालून मिश्र सांघिक रौप्य मिळवलं, तेव्हा "साधनं लागतच नाहीत" असे संदेश फिरले. फोटो नीट पाहा. हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच आहे, हाताला बसलेल्या मुठीचं. त्याने साधन टाकलं नव्हतं, अनावश्यक तेवढं टाकलं होतं. हा फरक फार मोठा आहे.

आता एका ताईंची चिठ्ठी आली आहे : "परवाना लागतो का? आणि डोंबिवलीच्या वन बीएचकेत सराव कसा करायचा?"

ताई, ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंत शक्तीच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं ते पिस्तूल .२२ चं; त्याला परवाना लागतो, तो पुढचा टप्पा. सरावाचं म्हणाल तर घरात, गॅलरीत, गच्चीवर छर्रा अजिबात मारायचा नाही. पण कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून, छर्रा न घालता, माशी खाचेत ठेवून ट्रिगर ओढायचा सराव हॉलमध्ये सहज होतो. पिस्तुलात तशी सोय असते. घेताना ती पाहा. लोकलमध्ये पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, आणि पेटी उघडायची नाही. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू द्यायचा नाही.

आणि शेवटचं. पहिले सहा महिने विकत काहीच घेऊ नका. क्लबचं पिस्तूल वापरू द्या, चार मुठी हाताळू द्या. या खेळात मुलाला कळत जातं की चूक कुठे झाली : मनगटात, बोटात की मनात. जे पिस्तूल त्याला ती चूक स्वच्छ दाखवतं, ते त्याचं. त्याला ते ओळखता आलं की मग पाकीट उघडा.