मंजूर झालेले विधेयक मरते कसे?

सभागृहात विधेयक मंजूर झाले की कायदा झाला, अशी समजूत आमच्या पेठांपासून कोथरुडापर्यंत सर्वत्र रूढ आहे. स्त्रियांच्या राखीव जागांची हकीकत ज्याने नीट पाहिली असेल, त्याची ही समजूत टिकणे कठीण.

कोथरूडच्या मतदाराचे संसदेशी नाते दुहेरी आहे. पुणे मतदारसंघातून तो लोकसभेच्या 543 निर्वाचित सभासदांपैकी एकास प्रत्यक्ष मत देतो. आणि ज्यास तो आमदार म्हणून विधानसभेत धाडतो, तो आमदार राज्यसभेतील महाराष्ट्राच्या 19 सभासदांच्या निवडणुकीत मताचा अधिकारी असतो. श्रीमती मेधा कुलकर्णी यांस 2014 साली कोथरूडकरांनी थेट विधानसभेत पाठविले. 2024 साली त्या राज्यसभेत गेल्या, त्या आमदारांकडून होणाऱ्या निवडणुकीने, तीही बिनविरोध. लोकसभा पाच वर्षांनी, क्वचित त्याआधीही, विसर्जित होते. राज्यसभा विसर्जित होतच नाही. दर दोन वर्षांनी तिचे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात, एवढेच.

हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु विधेयकाचे जगणे-मरणे त्यावरच अवलंबून आहे. विधेयक मांडावे, त्यावर चर्चा व्हावी, कलमवार विचार व्हावा, आणि मग दुसऱ्या सभागृहात हाच क्रम पुन्हा चालावा, असा नियम आहे. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत तंटा पडल्यास संयुक्त बैठकीची सोय आहे. घटनादुरुस्तीस ती सोय नाही. तिला प्रत्येक सभागृहात एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांचा पाठिंबा, असे दोन्ही लागतात.

स्त्रियांस एकतृतीयांश जागा देणारे घटनादुरुस्तीचे विधेयक 1996 साली प्रथम लोकसभेत आले आणि लोकसभा विसर्जित होताच बुडाले. पुढे ते राज्यसभेत मांडले गेले, आणि 9 मार्च 2010 रोजी 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाले. देशभर अभिनंदनाचा वर्षाव झाला! पण नियम असा, की राज्यसभेतच पडून असलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने मरत नाही. ते मंजूर होऊन लोकसभेकडे गेले, आणि तेथे विचाराविना राहिले, तरच मरते. 2014 साली नेमके तेच झाले. विजयानेच विधेयकास मृत्यूच्या दारी नेले, असे आम्ही म्हटले तर कायदेपंडित रागावणार नाहीत. दोष नियमाचा नव्हे. चार वर्षे ते मतास न टाकणाऱ्यांचा होय.

2023 च्या सप्टेंबरात नवे विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी, व दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत एकमताने मंजूर झाले. राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मात्र कायद्यातच अट घालण्यात आली, की पुढील जनगणना व तीनंतर मतदारसंघांची फेररचना झाल्यावाचून या जागा राखीव व्हावयाच्या नाहीत. हुंडी लिहून द्यावयाची आणि मुदतीचा रकाना कोरा सोडावयाचा, हा व्यवहार आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी मान्य करील काय?

अण्णासाहेब कर्व्यांनी 1900 साली आपला अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास नेला, तो याच कोथरुडालगत. 1952 च्या पहिल्या लोकसभेत पुणे दक्षिण मतदारसंघातून श्रीमती इंदिरा मायदेव निवडून गेल्या होत्या. पुणे या नावाच्या मतदारसंघातून मात्र 1957 पासून 2024 पर्यंत प्रत्येक वेळी पुरुषच लोकसभेत गेला.