घाटाचं सोडा, खोऱ्याचं बघा

वरंध घाटातून सायकलनं महाडला जायचं म्हटलं, की लोक घाटाचीच चौकशी करतात. वळणं किती, दरड आली आहे का, ब्रेक पुरतील का. भोर ते हिर्डोशी या पट्ट्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि मांड्या खरं तर तिथंच भरून येतात. नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेनं हा रस्ता जातो. नकाशावर पाण्याच्या काठची रेघ बघून वाटतं, पाणी सपाट, तर रस्ताही सपाटच असणार. पण धरणाचं पाणी प्रत्येक ओढ्याच्या बेचक्यात आत शिरलेलं असतं. रस्ता त्याच्यामागे आत वळतो, मोरीपर्यंत उतरतो, मोरी ओलांडून पुन्हा सोंडेवर चढतो, आणि सोंडेपलीकडे पुढचा ओढा हजर. चढ संपला म्हणावं तोवर उतार, उताराचा वेग धरावा तोवर मोरीवरचा खड्डा. संध्याकाळी बेरीज केली तर एका घाटाएवढी चढाई झालेली असते, फक्त घाट चढल्याचं कौतुक पदरात पडत नाही.

घाट त्या मानानं सरळ माणूस. पसरणीचंच घ्या. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरवर, पाचगणी 1,290 च्या आसपास, आणि मध्ये साधारण बारा किलोमीटर रस्ता. म्हणजे वीस मीटर चाललं की जवळजवळ एक मीटर वर. हे घाट इंग्रजी अमदानीत आखले गेले ते भरल्या बैलगाडीसाठी. बैलाला मध्येच दम तोडणारा चढ चालत नाही, त्यामुळे आखणाऱ्यानं डोंगराच्या अंगानं वळसे घेत चढ सारखा वाटून टाकला. सामान लादलेल्या सायकलस्वाराचा जोर बैलाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्याची गरज तीच. खोऱ्यातले रस्ते मात्र असे कुणी आखले नाहीत. गावागावांच्या पायवाटा जोडत, त्यांवर मुरूम आणि मग डांबर पडत ते झाले. त्यांना चढाचा हिशेब ठाऊक नाही.

आम्ही करतो ती फेरी अशी: भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पसरणी, वाई, मांढरदेव आणि पुन्हा भोर. दोनशे किलोमीटरच्या आसपास. ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला मारणारे सायकलस्वार, तेवढं अंतर साडेतेरा तासांच्या मुदतीत बसवतात, त्यांना नमस्कार. आमचे मुक्काम महाडला आणि वाईला ठरलेले असतात, आणि वाटेत कुणी भाकरी खायला बसवलं तर बसायला वेळ असतो.

या फेरीत सह्याद्रीची मुख्य धार दोनदा ओलांडावी लागते, आणि ती कुठं ओलांडायची यावर सगळं ठरतं. नीरेचा उगम शिरगावाजवळ, घाटमाथ्यालगत. तिचं पाणी भीमेला, भीमेचं कृष्णेला, आणि शेवटी ते बंगालच्या उपसागराला जातं. कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे 1,400 किलोमीटर जावं लागतं. सावित्रीही कृष्णेसारखीच महाबळेश्वराच्या डोंगरातून निघते, पण शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीला मिळते. एवढ्या थोड्या अंतरात एवढं खाली उतरायचं, म्हणून तिनं डोंगर खोल कापलेला. भोरकडून जाताना घाटमाथा आला हे कळतही नाही, आणि वाघजाईच्या देवळाशी, भज्यांच्या टपऱ्यांसमोर, एकदम पायाखालची जमीनच संपते. कावळ्या किल्ल्याचा डोंगर फोडून रस्ता पलीकडे खाली सुटतो. भजी खावीत, पण तुडुंब नाही. पुढच्या उतारावर पोट हलकं असलेलं बरं.

रस्ता आखायला बसलं की मी अजून सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा पसरतो. त्यावरच्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या. रस्त्यानं एका किलोमीटरात तीन रेषा ओलांडल्या, तर साठ मीटर चढ, चालेल. पाच ओलांडल्या तर सायकल ढकलायची मनाची तयारी ठेवावी. मोबाईलवरचे आलेख हेच दाखवतात, पण छोटे ओढे ते गुळगुळीत करून टाकतात, आणि आपलं वैर नेमकं ओढ्यांशी.

नकाशानंतर माणसं. मोटारवाल्याला चढ विचारू नये. त्याला चढ आठवतच नाही. “रस्ता मस्त आहे” एवढंच सांगतो. पायी जाणारे बाबा “हे काय, इथंच” म्हणतात आणि ते त्यांच्यापुरतं खरंही असतं. सगळ्यात भरवशाचा माणूस एसटीचा ड्रायव्हर. त्याला चढ गिअरमध्ये पाठ असतो. भोरच्या स्टँडवर चहा पिताना एकाला विचारलं, “काका, मांढरदेवाकडचा चढ कसा आहे?” ते म्हणाले, “सगळी गाडी दुसऱ्यात जाते. दोन वळणांना मात्र पहिला टाकावाच लागतो.” यापेक्षा नेमकं उत्तर कुठल्या यंत्राकडून मिळणार? त्यांच्याखालोखाल मोटारसायकलला कॅन बांधलेला दूधवाला. सामानाचं वजन मागच्या चाकावर कसं ओढतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

वेळेचं गणित उन्हावरून. आंबेनळी घाट कोकणातून वर येतो, सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर. सूर्य डोंगराच्या मागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ तिथं सावली असते. म्हणून महाडहून अंधार असतानाच निघावं, महामार्गाचा पट्टा ट्रक वाढायच्या आत उरकावा आणि उजाडता उजाडता पोलादपूर सोडावं. पोलादपुराहून महाबळेश्वर चाळीस किलोमीटर आणि वर 1,370 मीटरपर्यंत. इथं पुढच्या छोट्या चकतीला 34 दात आणि मागच्या सगळ्यात मोठीला 34 अशी जोडी लावायची. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे जेमतेम 2.1 मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. श्वास नाकातून चालतोय तोवर सगळं ठीक. तोंड उघडलं की वेग कमी करायचा.

या वेगाला डोंगर वाचता येतो. रस्ता कापलेल्या भिंतीत काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. कुठं हातभर जाड, कुठं पुरुषभर. एक लाव्हा वाहून थंड झाला, त्यावर माती धरली, आणि मग दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजून गेला. हात लावला तर पट्टा भुसभुशीत लागतो, बोटाला तांबूस भुकटी येते. वरच्या भेगाळ दगडातून झिरपलेलं पाणी या थराशी अडतं आणि आडवं बाहेर पडतं, म्हणून पुष्कळदा झरा याच पट्ट्याच्या वर सापडतो. एखाद्या वळणावर कुणीतरी तिथं कर्दळीचं पान खोचून पन्हळ केलेली असते. बाटली भरायची ती तिथं. फेब्रुवारीनंतर मात्र या पन्हळींवर विसंबू नये.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो, चढ जरा दम घेतो. तिथून पुढं झाडी बदलते. खालचा साग-ऐन मागं पडतो आणि जांभूळ, हिरडा, अंजनी यांची बुटकी, दाट राई सुरू होते. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा लहानसा हिस्सा. दुपारी पसरणी उतरताना हा फरक अंगाला कळतो: पाचगणीपर्यंत घाम वाळवणारा गारवा, आणि घाटाच्या मध्यावर खालून येणारी कोरडी झळ. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. थोडं दाबावं, सोडावं, पुन्हा दाबावं, म्हणजे रिमला निवायला अवधी मिळतो. घाट पूर्वेच्या अंगाचा, त्यामुळे उन्हं कलल्यावर सावलीही मिळते. खाली धोम धरणाचं पाणी दिसत असतं. ते थांबून बघावं, चालत्या सायकलवरून नव्हे.

राहता राहिला मांढरदेव. वाईकडून चढणारी ही बाजू दक्षिणेला तोंड करून आहे, उन्हाळा-हिवाळा ऊन अंगावरच. पहाटे निघण्याला पर्याय नाही. आणि तारीख ठरवताना पंचांग उघडून पौष पौर्णिमा कधी आहे ते बघावं. त्या सुमाराला काळूबाईची यात्रा असते आणि घाटात माणसांना आणि गाड्यांना रस्ता पुरत नाही. मग सुरूरवरून महामार्गानं शिरवळ गाठता येतं, पण खंबाटकीचा बोगदा ट्रकांच्या सोबतीनं पार करायचा, हे मला तरी नको वाटतं. त्यापेक्षा वाईत मुक्काम वाढवावा, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून यावं, आणि गर्दी ओसरली की चढाला लागावं.